फुटामागे एक सूत

अण्णा, तुमचं ते फ्रेंच जहाज, तुमची पाकोळी, विकल्यावर लगेच बुडाली नाही. जाळली नाही, भंगारातही गेली नाही. तुमच्या वहीचा शेवटचा शब्द ‘विकली’ असा आहे आणि त्या शब्दाशी तुम्ही किती वर्षं अडून बसला होतात ते मी पाहिलंय. जेवताना मध्येच घास हातात धरून म्हणायचात, “विकली, पण कुणाला? पुढे काय झालं तिचं?” आई म्हणायची, “सरकारी नोकरीत एवढंच लिहितात. तुमच्याही कागदावर एक दिवस निवृत्त लिहितील आणि फाईल बंद करतील.” तर पुढे काय झालं ते तुमच्या नातीनं शोधून काढलंय. ते मी सांगेनच. पण आणखी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती या बातमीइतकी सोपी नाही. तीस वर्षं ती मनात घोळते आहे. गरौठ्याच्या इंटर कॉलेजात मी गणित शिकवते, रोज चाळीस पोरांच्या चुका लाल शाईनं गोल करते, आणि माझी स्वतःची एक चूक मात्र मला अजून कुणासमोर मांडता आलेली नाही.

यंदा आई गेल्यावर स्वयंपाकघर नव्यानं करायला काढलं. माळ्यावरचं सामान खाली उतरवताना तुमची नात एक लांबट गाठोडं घेऊन आली. आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं. “मम्मी, इसमें नाव है,” ती म्हणाली. “किसकी है?” मी म्हटलं, तुझ्या आजोबांची. तिला मराठी सगळी कळते, पण बोलायची वेळ आली की हिंदीच बाहेर पडते. या हिंदी मुलखात, खंडेराव गेटजवळच्या आपल्या चार मराठी घरांत आता हीच तऱ्हा आहे. तर त्या दिवशी नव्या फरशीच्या धुळीत बसून मी तिला पाकोळीची हकिगत सांगितली, तुम्ही मला सांगायचात तशीच.

म्हणजे अशी, की फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर एका नदीच्या मुखाशी लहानशी गोदी होती आणि तिथे राजाच्या आरमारासाठी एक छोटं जहाज बांधलं. तीन डोलकाठ्या, सोळा तोफा, शंभरेक माणसं. तिचं नाव एका पाखराचं होतं, तुम्ही त्याचं पाकोळी केलंत. मोठ्या जहाजांच्या रांगेत उभं राहून लढावं एवढी तिची ऐपत नव्हती. तिचं काम म्हणजे पत्रं पोचवायची, व्यापारी गलबतांना सोबत करायची, शत्रूची शिडं किती ते लांबून मोजायची आणि पळत येऊन सांगायचं. “बघून परत येणं हीच तिची लढाई,” तुम्ही म्हणायचात. मग त्यांच्याकडे क्रांती झाली. पांढरा झेंडा उतरला, तीन रंगांचा चढला. खानदानी अधिकारी निम्मे पळून गेले आणि एका म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, कप्तान केलं. हुकूम निघाला की आता कुणी कुणाला साहेब म्हणायचं नाही, सगळे नागरिक. हे सांगताना तुम्हाला हसू आवरायचं नाही. रेल्वेच्या कारखान्यात तुमच्या फोरमनला उद्यापासून सगळ्यांनी नागरिक म्हटलं तर त्याचं तोंड कसं होईल, याचा अभिनय करून दाखवायचात. मग पाकोळी आफ्रिकेला वळसा घालून पत्रं घेऊन थेट आपल्या समुद्रात आली, पुदुच्चेरीच्या समोरून गेली. माझ्या शाळेच्या नकाशावर तुम्ही पेन्सिलीनं तिची वाट काढली होती आणि त्याबद्दल मी शाळेत छडी खाल्ली होती.

आणि एका सकाळी धुकं विरलं तर दोन्ही बाजूंना एकेक मोठं इंग्रज जहाज. कप्तानानं आधी पत्रांची थैली शिसं बांधून समुद्रात टाकली. मग नियमाप्रमाणे एकदाच एका बाजूच्या सगळ्या तोफा डागल्या आणि झेंडा उतरवला. तो एकदाच तोफा डागण्याचा भाग तुम्हाला फार आवडायचा. हरणार हे ठाऊक असलं तरी रिकाम्या हातानं शरण जायचं नाही, असं तुम्ही पाटावर ताठ बसून सांगायचात. इंग्रजांनी तिच्या डोलकाठ्या आखूड केल्या, तोफा बदलल्या, नाव तेच ठेवलं पण त्याचा उच्चार बिघडवला. तीच पाकोळी आता त्यांची पत्रं पोचवू लागली. लहानपणी मला याचा राग यायचा. मी म्हणायचे, फितूर आहे ती. तुम्ही म्हणायचात, “अगं, आपलं घराणं तरी काय? घोड्यावर बसून आले, तलवार गेली तेव्हा लेखणी धरली, लेखणी इंग्रजाची होती, मग रेल्वे आली. जहाज फळ्यांचं असतं, झेंड्याचं नसतं.” पुढे ती जुनी झाली, पाणी आत यायला लागलं आणि विकली.

हे सगळं तुम्हाला एका फाटक्या इंग्रजी पुस्तकात सापडलं होतं. रेल्वेच्या वाचनालयानं रद्दीत काढलेलं. सहा पानं मजकूर आणि एक घडीचं चित्र, त्यात जहाजाचा उभा छेद, आडवा छेद, सगळी मापं. तो मजकूर तुम्ही मराठीत आपल्या वहीत उतरवलात. समुद्र तुम्ही जन्मात पाहिला नव्हतात. पण कारखान्यात तुम्ही लाकडी नमुने करायचात, ज्यांच्यावरून लोखंड ओतायचे साचे बनतात ते, आणि मापं दिसली की तुमचा हात शिवशिवायचा. दोन फूट लांबीची पाकोळी करायची ठरली. उजेड स्वयंपाकघरात बरा म्हणून ती स्वयंपाकघरातच सुरू झाली. फळ्या चिकटवायचा सरस वितळवायला शेगडी हवी, तीही तिथेच. आईच्या वरणाच्या वासात सरसाचा तो जनावरी वास मिसळला की ती पदर नाकाला लावून म्हणायची, “आज आमटीत फ्रेंच आरमार पडलंय. ज्याला जेवायचं त्यानं जेवा.” पण तिनंच जुन्या चादरीची पांढरी शिडं शिवून दिली होती, हेही खरं.

सांगाडा आणि बाहेरच्या फळ्या झाल्या तेव्हा तुम्ही मला घेऊन एरचला गेलात. बेतवेत तरंगवून बघायची होती. बसमध्ये पाकोळी माझ्या मांडीवर, वर टॉवेल, कुणाला वाटलं तान्हं बाळ आहे. घाटावर तुम्ही तिच्या पोटात एकेक गोटा ठेवत होतात आणि ती हळूहळू पाण्यात बसत होती. एक केवट आपली नाव बांधून बघत उभा होता. म्हणाला, “बाबूजी, जा नाव कौन की आय?” तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, “फ्रांस की है, भैया।” मग ती इथे काय करते, असं त्यानं विचारलं. “तौ इतै का कर रई?” तुम्ही म्हणालात, “नौकरी।” तो हसला नाही. वाकून त्यानं तिच्या कडेला बोट लावलं, जरा दाबून पाहिलं, आणि म्हणाला, “नोनी बनाई।” चांगली केली आहे. परतताना बसमध्ये तुम्ही तो शब्द तीनदा म्हटलात. मी इतकी सुखात होते की घरी पोचूच नये असं वाटत होतं.

त्यानंतर तुम्ही मला डेक करायला दिलात, तुम्ही त्याला तक्ता म्हणायचात. मी अकरावीत. पहिलंच माझं स्वतःचं काम. सागाच्या पातळ पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवायच्या आणि मग चित्रातल्या मापानं आकार कापायचा. तीन आठवडे मी तेच करत होते. माझ्या शाळेच्या लाकडी पट्टीनं मापं घेतली, एकेक माप दोनदा. ज्या रविवारी तो वर ठेवून बघायचा होता, त्या दिवशी आईनं शिरा केला होता. तुम्ही डेक उचललात, जहाजावर ठेवलात आणि तो आत पडला. पुढे फट, मागे फट. तुम्ही तो उचलून पुन्हा एकदा ठेवून पाहिलात. मग म्हणालात, “मापात पाप करणाऱ्यानं हत्याराला हात लावू नये.” मी म्हटलं, मी दोनदा मोजलंय. तुम्ही म्हणालात, “मग दोनदा चुकलीस. ही भातुकली नाही.” आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. मी उठून गेले. अण्णा, तुम्ही फार रागावणारे नव्हतात, म्हणूनच ते लागलं.

पुढच्या रविवारी तुम्ही केस कापायला गेलात. तुमचा सदरा खुंटीला होता, खिशात तुमची पट्टी. ती पट्टी साधी नव्हती, हे आपल्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढं लाकूड आधीच मोठं धरायचं, म्हणून नमुनेवाल्यांच्या पट्टीवरचा इंचच जरा मोठा आखलेला असतो. बघून कळत नाही. तुमच्या एका सोबत्यानं त्या पट्टीनं घरच्या दाराची फळी केली होती आणि ते दार चौकटीत जाईना, हा किस्सा तुम्ही दर दिवाळीला पाहुण्यांना सांगायचात आणि हसून हसून तुम्हाला ठसका लागायचा. मी ती पट्टी काढली आणि पाकोळीला लावली. चित्रातल्या मापाशी तंतोतंत. मग माझी पट्टी लावली. दोन फुटांना दोन सूत जास्त. माझा डेक बरोबर होता. जहाज मोठं झालं होतं. तीस वर्षं एकच पट्टी धरलेला हात घरी आल्यावरही तीच धरून बसला होता.

मी पट्टी परत खिशात ठेवली आणि गप्प बसले. तुमची लाज राखायला गप्प बसले असं मी पुढे लोकांना सांगू शकले असते, पण ते खोटं झालं असतं. मला राग होता. मला हवं होतं की तुम्ही स्वतः शोधून काढावं आणि आईसमोर, त्याच स्वयंपाकघरात, म्हणावं की पोरी, माझं चुकलं. मी त्याची वाट बघत बसले. तुम्ही पाकोळीशी खुडबुड करत राहिलात, मी दुसऱ्या खोलीत अभ्यास करत राहिले. आपलं बोलणं बंद नव्हतं. भाजी काय, गाडी किती वाजता, फी भरली का, सगळं बोलायचो. फक्त जहाजाबद्दल एक शब्द नाही. बारावी झाली, बी.एस्सी. झालं, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष आलं. पाकोळी कपाटावर उघड्या पोटानं बसलेली आणि तुम्ही निवृत्त झालेले. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. माफी मागायची राहून गेली तुमची, असं मी म्हणत आले. इतकी वर्षं मी तुम्हाला त्या एका वाक्यासाठी धरून ठेवलं होतं.

तर त्या गाठोड्यात जहाज होतं, माझा डेक होता, आणि एक धोतराच्या फडक्याची पुरचुंडी होती. नातीनं ती सोडली. आत सागाच्या बारीक पट्ट्या. काही तर दोऱ्याएवढ्या. मला वाटलं डागडुजीचे तुकडे असतील. तिनं एक उलटी केली. “मम्मी, नानाजी ने कुछ लिखा है.” आणि मग अक्षर लावत, शाळकरी मुलासारखं, मोठ्यानं मराठीत वाचलं, “पोरीच्या... तक्त्याप्रमाणे. उजवी बाजू. दोन.” प्रत्येक पट्टीवर तुमची पेन्सिल. पोरीच्या तक्त्याप्रमाणे, डावी बाजू, एक. पोरीच्या तक्त्याप्रमाणे, पुढचं टोक. टोकांना बरोबर एक सूत रुंद, बाजूंना निमुळत्या होत गेलेल्या. माझा डेक मध्ये ठेवला आणि भोवती त्या पट्ट्या लावल्या तर केसाचीही फट नाही. नातीनं तुमच्या पुस्तकातलं चित्र पाहिलं आणि म्हणाली की खऱ्या जहाजालाही डेकच्या कडेनं अशीच वेगळी फळी असते. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, अण्णा. कधी कळलं ते ठाऊक नाही. नवा डेक तुम्ही एका दुपारी केला असतात. तो केला नाहीत. माझा होता तसा ठेवलात आणि तुमचं जहाज त्याच्याशी जुळवून घेतलंत.

मी तिथे फरशीवर बसून रडले. नातीला आधी कळेना, मग मी तिला दोन मोजपट्ट्यांची गोष्ट सांगितली. ती पोरगी जरा फटकळ आहे, माझ्यावर गेली आहे. म्हणाली, “मतलब आप दोनों को पता था? और दोनों चुप? गजब लोग हो.” मी तुमच्या पट्ट्या आकड्यांप्रमाणे मांडायला घेतल्या.

पाकोळी पुरी करायची ठरली. नात पांढऱ्या गोंदानं करू म्हणाली, मी म्हटलं सरसच हवा. सुताराच्या दुकानातून एक लादी मिळाली, ती रात्रभर भिजवून दुसऱ्या दुपारी गरम पाण्याच्या भांड्यात वितळवली. तोच वास. गेला महिनाभर माझी ही लेक रोज तुमच्या वहीचं एक पान वाचते आणि अडलेल्या शब्दाला मला हाक मारते. त्यातूनच तिला पुढचं शोधायची खोड लागली. नेटवर कुठल्या कुठल्या परदेशी बंदरांच्या जुन्या नोंदी उघडून बसली आणि परवा तिनं पाकोळी धरली. ऐका. तोफा उतरवून तिला एका लाकडाच्या व्यापाऱ्यानं घेतलं. मग तिनं खारवलेले मासे वाहिले. मग परत लाकूड. दोन्ही आरमारांत मिळून तिनं जेवढी वर्षं काढली, त्याहून जास्त वर्षं तिनं ही साधी कामं केली. शेवटी एका लहानशा बंदरात तिला किनाऱ्यावर ओढून घेतलं आणि तिच्या पोटात दोरखंडांचं कोठार झालं. तिथून पुढची नोंद अजून सापडलेली नाही, शोध चालू आहे. हे सगळं लेकीनं तुमच्या वहीत, ‘विकली’च्या खाली, स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलंय. व्याकरण धड नाही, मी सुधारलेलं नाही. लाल पेन लांब ठेवलं.

काल डेक बसवला. सरस कढत असतानाच लावावा लागतो, मिनिटभरात तो थिजतो. मी एकटीनं सुरुवात केली. डेक दाबून धरला तर पट्टी लावायला हात नाही, पट्टी उचलली तर डेक सरकतो. पहिली पट्टी वाया जाता जाता वाचली. मग लेकीनं दोन्ही तळव्यांनी डेक दाबून धरला आणि मी भराभर तुमच्या आकड्यांप्रमाणे पट्ट्या बसवत गेले. पंधरा मिनिटांत झालं. हे एकट्याचं कामच नव्हतं, अण्णा. सरस थंड होत असताना माझ्या हातांना हे कळलं आणि मग तुमच्या शेवटच्या हिवाळ्यातली एक दुपार आठवली. शेगडीवर भांडं होतं, घरभर तो वास, आणि तुम्ही माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिलात. “जरा येतेस? एक हात लागेल.” इतकंच. मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, उद्या पेपर आहे. तुम्ही म्हणालात, “बरं, बरं. अभ्यास कर.” आणि शेगडी बंद केल्याचा आवाज आला.

हे पत्र मी वहीतच ठेवणार, लेकीनं लिहिलेल्या पानाच्या मागे. ती कधीतरी वाचेल, अक्षर लावत. तेव्हा तिला एवढं कळू दे. दुसऱ्या दिवशी माझा कुठलाही पेपर नव्हता.